चौथ्या अक्षराचा अपवाद

(पडदा काळा. एका स्त्रीचा आवाज चार शब्द सावकाश उच्चारतो : तार, थार, दार, धार.)

आत्ता ऐकलेल्या चार शब्दांचा शेवट सारखाच आहे, आणि पहिल्या व्यंजनासाठी जीभसुद्धा चारही वेळा एकाच जागी, वरच्या दातांच्या मागे, टेकते. तरीही मराठी घरात वाढलेल्या माणसाची त्यांत गल्लत होत नाही. जीभ जर एकाच जागी असेल, तर फरक पडतो कुठे? शाळेतले व्याकरण याचे उत्तर अघोष आणि घोष, अल्पप्राण आणि महाप्राण अशा दोन जोड्यांत देते, आणि परीक्षेपुरते ते भागते. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र न्यूयॉर्कमधील एका प्रयोगशाळेत हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजण्यात आला. त्या मोजणीसाठी निवडलेल्या भाषांत मराठी होती, आणि त्या मोजणीचे सूत्र जिथे अडले, त्या मोजक्या जागांपैकी एक मराठीतच होती.

(दृश्य : स्वरयंत्राची रेखाकृती. दोन स्वरतंतू जवळ येतात, दूर होतात.)

आपल्या गळ्यातील स्वरयंत्रात दोन लवचीक पट्ट्या असतात, ज्यांना आपण स्वरतंतू म्हणतो. त्या जवळ आणून त्यांच्यामधून फुप्फुसातील हवा सोडली की त्या थरथरू लागतात. प्रौढ पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रीच्या गळ्यात दोनशेच्या आसपास. या थरथरीलाच घोष म्हणतात. गळ्यावर हलकेच बोट ठेवून आधी ‘स’ आणि मग ‘आ’ लांबवून म्हटले, तर ती बोटाला कळते.

‘त’ किंवा ‘द’ उच्चारताना दोन कामे जवळजवळ एकाच वेळी होतात. तोंडात जीभ हवेचा मार्ग पूर्ण अडवते आणि क्षणभराने तो झटकन मोकळा करते. या सुटण्याला स्फोट म्हणतात. दुसरीकडे, गळ्यात स्वरतंतू कधीतरी थरथरू लागतात. जीभ आणि गळा यांच्यात हाताच्या वितीएवढेही अंतर नाही, पण दोघांचे वेळापत्रक वेगवेगळे असू शकते. सारा प्रश्न एवढाच आहे की स्फोट आधी की थरथर आधी, आणि त्या दोहोंमध्ये किती वेळ जातो.

(दृश्य : फिरणारा दंडगोल, त्यावर गुंडाळलेला कागद, कागदावरून सरकणारी सुई.)

हा प्रश्न ज्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत विचारला गेला, ती १९३५ मध्ये स्थापन झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अंध व्यक्तींसाठी छापील मजकूर वाचणारे यंत्र बनवण्याचे काम तिच्याकडे आले. कल्पना सरळ वाटत होती : प्रत्येक अक्षराला एक ठरावीक आवाज नेमून द्यायचा आणि माणसाने ती आवाजांची लिपी शिकून घ्यायची. कितीही सराव दिला तरी ऐकणाऱ्यांचा वेग वाढेना. साधे बोलणे आपण जितक्या वेगाने समजतो, त्याच्या जवळपासही तो पोहोचला नाही. फ्रँकलिन कूपर, ॲल्विन लिबरमन आणि त्यांचे सहकारी यांना तेव्हा जाणवले की बोलणे म्हणजे एकापाठोपाठ ओवलेले सुटे आवाज नव्हेत, आणि वाचणारे यंत्र बाजूला ठेवून त्यांना बोलण्याचाच अभ्यास सुरू करावा लागला. फसलेल्या यंत्राने इतके मोठे काम क्वचितच कोणाकडून करून घेतले असेल.

त्यांच्या हाती एक नवे साधन होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत महायुद्धाच्या काळात तयार झालेला स्पेक्ट्रोग्राफ आवाजाचे चित्र काढत असे. या चित्रात डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, खालून वर कंप्रता वाढत जाते, आणि जिथे आवाजात ऊर्जा जास्त तिथे काळा डाग गडद होतो. पुढे विकल्या गेलेल्या यंत्रांवर एका वेळी फक्त २.४ सेकंदांचे बोलणे घेता येत असे आणि तेवढ्याचे चित्र उमटायला काही मिनिटे लागत. सुईतून जाणारी वीज कागद अक्षरशः भाजून काढत असल्यामुळे खोलीत जळका वास पसरे. त्या चित्रात स्फोट एका बारीक उभ्या रेघेसारखा दिसतो, आणि स्वरतंतूंची थरथर समान अंतरावरच्या उभ्या रेघांच्या माळेसारखी. दोहोंमधले अंतर मोजले की वेळ कळते.

(दृश्य : ‘तार’ या शब्दाचे चित्र. स्फोटाच्या रेघेवर एक खूण, पहिल्या थरथरीवर दुसरी.)

ली लिस्कर आणि आर्थर एब्रमसन या दोन भाषावैज्ञानिकांनी हे मोजण्याचे काम हाती घेतले. लिस्कर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवत आणि तेलुगूचे अभ्यासक होते. एब्रमसन थाई भाषेचे जाणकार होते. आशियातील भाषांचा असा परिचय असल्यामुळेच, इंग्रजीपुरते बघून थांबण्याची चूक त्यांच्या हातून झाली नसावी. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अकरा भाषा आहेत. अमेरिकन इंग्रजी, डच, हंगेरियन, पोर्तो रिकोची स्पॅनिश, कँटनीज आणि तमिळ या भाषांत अशा व्यंजनांचे दोन प्रकार मानले होते. कोरियन, पूर्व आर्मेनियन आणि थाई यांत तीन. आणि हिंदी व मराठी या दोन भाषांत चार.

स्फोटापासून घोष सुरू होईपर्यंतच्या वेळेला त्यांनी व्हॉइस ऑनसेट टाइम असे नाव दिले. मराठीत त्याला घोषारंभकाल म्हणता येईल. थरथर स्फोटाच्या आधीच सुरू झाली असेल तर ही संख्या उणे धरतात, नंतर सुरू झाली तर अधिक. अकरा भाषांच्या मोजणीत ही संख्या वाटेल तशी विखुरलेली नव्हती, तर तिचे तीन ठळक पुंजके पडत होते. पहिल्या पुंजक्यात थरथर स्फोटाच्या सुमारे १०० मिलिसेकंद आधी सुरू होते. आपला ‘द’ इथे बसतो. दुसऱ्यात स्फोटापाठोपाठ, साधारण २५ मिलिसेकंदांच्या आत. हा आपला ‘त’. तिसऱ्यात ६० ते १०० मिलिसेकंद उशिरा, आणि त्या मधल्या वेळात तोंडातून नुसती हवा सळसळत बाहेर पडते. हा आपला ‘थ’. एकमेकींशी नाते नसलेल्या भाषांनीही आपली व्यंजने याच तीन खणांत ठेवावीत, ही गोष्ट त्या काळी नवी होती.

या मोजणीने रोजच्या अनुभवातील एक कोडेही सुटते. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी येणारा ‘पी’ स्फोटानंतर सरासरी ५८ मिलिसेकंदांनी घोष पकडतो, तर ‘बी’ जवळजवळ स्फोटाबरोबरच. म्हणजे इंग्रजीचा ‘बी’ पुष्कळदा मराठीच्या ‘प’च्या खणात जाऊन बसतो. अमेरिकेत फोनवर स्वतःचे पाटील हे आडनाव सांगितल्यावर पलीकडच्या माणसाने त्याची सुरुवात ‘बी’ने लिहून घेतली, तर त्याचे कान बिघडलेले नसतात, त्याच्या भाषेने खणांच्या भिंती वेगळ्या जागी घातलेल्या असतात, इतकेच.

(दृश्य : चोखणी तोंडात धरलेले तान्हे बाळ. शेजारी ध्वनिक्षेपक.)

या भिंती जन्मजात असतात की शिकलेल्या? १९७१ मध्ये पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महिन्याच्या आणि चार महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. बाळ चोखणी जोरात चोखत असेतो त्याला यंत्राने बनवलेला एकच आवाज ऐकवत राहायचे. त्याचा कंटाळा येऊन चोखणे मंदावले की आवाज बदलायचा. नव्या आवाजाचा घोषारंभकाल २० मिलिसेकंदांनी वेगळा असला आणि तो ‘बी’कडून ‘पी’कडे भिंत ओलांडून गेला असला, तर बाळे पुन्हा जोमाने चोखू लागत. तेवढाच फरक एकाच खणाच्या आत केला, तर त्यांच्या चोखण्यात तसा बदल दिसत नसे. यावरून अनेकांनी तेव्हा असे मानले की बोलणे ऐकण्याची खास यंत्रणा माणूस जन्मतःच घेऊन येतो.

चारच वर्षांनी पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी तोच प्रश्न चिंचिला या दक्षिण अमेरिकेतील, खारीएवढ्या उंदीरवर्गीय प्राण्याला विचारला. त्याला दोन टोकांचे आवाज वेगळे ओळखायला शिकवल्यावर मधले आवाज ऐकवले, तेव्हा त्याची भिंत इंग्रजी बोलणाऱ्या माणसांच्या भिंतीजवळच, ३५ मिलिसेकंदांच्या आसपास पडली. चिंचिला काही बोलत नाही. तेव्हा निदान ही एक भिंत भाषेआधीची, सस्तन प्राण्यांच्या कानाच्या घडणीतील असावी, आणि माणसाच्या भाषांनी ती आयती वापरली असावी, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

कानाला सुरुवातीला पुष्कळ भेद कळतात, आणि भाषा त्यांतले काही राखून बाकीचे मंद करते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांच्यातला भेद ऐकू येत होता, पण दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो पकडता आला. मराठी घरातील बाळाच्या कानावर हे दोन्ही ध्वनी दिवसभर पडत असतात, म्हणून त्याच्यावर ही पाळी येत नाही.

(दृश्य : ‘दार’ आणि ‘धार’ यांची चित्रे एकाखाली एक.)

आता चौथ्या शब्दाकडे वळू. तीन खणांत तीन व्यंजने बसली, पण मराठीला आणि हिंदीला चौथाही ध्वनी ठेवायचा होता. ‘ध’, ‘भ’, ‘घ’ यांचा घोषारंभकाल लिस्कर आणि एब्रमसन यांनी मोजला, तेव्हा तो ‘द’, ‘ब’, ‘ग’ यांच्याच पट्ट्यात पडला. ‘दार’ आणि ‘धार’ या दोन्हींत थरथर स्फोटाच्या आधीच सुरू होते. ती कधी सुरू होते एवढेच विचारले, तर दोन्हींचे उत्तर एकच मिळते. आपल्या सूत्राला हा अपवाद आहे हे त्या दोघांनी झाकून ठेवले नाही, निबंधातच नोंदवले. संशोधकाची खरी परीक्षा अशा जागी होते, असे मला वाटते.

फरक थरथरीच्या वेळेत नसून तिच्या जातीत आहे. ‘धार’ म्हणताना स्फोटानंतर स्वरतंतू थरथरत तर राहतात, पण पुरते मिटत नाहीत. मधल्या फटीतून हवा निसटत राहते आणि आवाजात सुस्कारा मिसळतो. हे डोळ्यांनी बघण्याची सोय होईपर्यंत १९६८ साल उजाडले. त्या वर्षी मासायुकी सावाशिमा आणि हाजिमे हिरोसे यांनी काचतंतूंची बारीक नळी नाकावाटे घशात उतरवून बोलत्या माणसाचे स्वरयंत्र पाहण्याची पद्धत मांडली. १९७५ मध्ये रियोहेई कागाया आणि हिरोसे यांनी हिंदी व्यंजनांवर ती वापरली. ‘ध’च्या जातीच्या व्यंजनांत स्फोटाच्या सुमारास स्वरतंतूंमधली फट उघडताना दिसली, पण ‘थ’च्या जातीत ती जितकी रुंदावते तितकी नाही.

(दृश्य : पोथीचे पान. मंद दिवा.)

वेदपाठाचे उच्चार बिघडू नयेत म्हणून रचलेल्या प्रातिशाख्य ग्रंथांत गळ्याच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. तैत्तिरीय प्रातिशाख्य म्हणते की कंठ मिटलेला असता नाद होतो, उघडा असता श्वास, आणि मधल्या अवस्थेत हकार. आणि वर्गातील चौथ्या अक्षरांत, म्हणजे घ, झ, ढ, ध, भ यांत, हाच हकार असतो. एकोणिसाव्या शतकात या ग्रंथाचे संपादन करणारे अमेरिकन पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांना ही मधली अवस्था पटली नव्हती, कारण त्यांच्या स्वतःच्या भाषेत असे व्यंजनच नव्हते. मात्र ‘आमच्याकडे हे सगळे आधीच होते’ असे म्हणून इथे छाती फुगवण्याचे कारण नाही. प्रातिशाख्यकारांनी गळ्याची अवस्था अचूक ओळखली. ‘त’ आणि ‘थ’ यांत मिलिसेकंदांचा कोणता क्रम आहे, हे त्यांच्यापुढे आलेच नव्हते. चौथ्या अक्षराला दोन्ही गोष्टी लागतात.

ही मधली अवस्था टिकवणे सोपे नाही. पंजाबीने ती सोडून दिली : तिथे ‘घोडा’चा आरंभ ‘क’सारखा होतो आणि निघून गेलेल्या महाप्राणाची खूण म्हणून स्वराची पट्टी खाली उतरते. मराठीनेही शब्दाच्या शेवटी थोडी काटकसर केली आहे, पण ती अघोष महाप्राणांत. हिंदीतील भूख, भीख, हाथ आपल्याकडे भूक, भीक, हात झाले. घोष महाप्राणांच्या बाबतीत मात्र मराठी उलट उदार आहे. म्हातारा, न्हावी, कोल्हा, व्हा या शब्दांत तिने तोच सुस्कारा म, न, ल, व यांनाही दिला, आणि असे ध्वनी जगातील थोड्याच भाषांत आढळतात. २०१३ मध्ये कॅन्झस विद्यापीठात केली हार्पर बर्कसन यांनी मराठीतील याच आवाजांच्या मोजमापावर प्रबंध सादर केला.

(दृश्य : संगणकाचा पडदा. एक विद्यार्थी कानांवर हेडफोन लावून बसला आहे.)

एब्रमसन यांनी २०१७ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, डग्लस व्हेलन यांच्यासह घोषारंभकालाच्या पन्नास वर्षांचा आढावा घेतला आणि तो कसा व कुठे मोजावा यावर पुन्हा लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले. भाजलेल्या कागदाची जागा आता ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या ‘प्रात’ नावाच्या मोफत संगणकप्रणालीने घेतली आहे, आणि भाषाविज्ञानाचा कोणताही विद्यार्थी आपल्या आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ही मोजणी घरबसल्या करू शकतो. तो ‘तार’वर खूण करतो, आकडा तक्त्यात लिहितो, ‘थार’, ‘दार’ यांचेही आकडे लिहितो. ‘धार’पाशी आल्यावर आकडा ‘दार’च्या जवळपासच येतो. मग तो पुन्हा चित्राकडे वळतो, स्फोटानंतर स्वर स्पष्ट होईपर्यंतचा धूसर पट्टा मोजतो, आणि त्यासाठी तक्त्यात आणखी एक रकाना आखतो.