कुठलं बेळगाव?

[दृश्य : जांबोटी, रात्र. पडवीतला बल्ब, खाली अंथरलेली पांढरी चादर.]

आजी (मूळ आवाज) : "लाइट घालव रे, किडं याला लागल्यात!"

भात कापायला आलं की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घरोघरी हे ऐकू येतं. आज मात्र लाइट मुद्दाम चालू ठेवलाय.

चादरीवर पतंग आहेत, तुडतुडे आहेत. आणि हा बघा, मुंगीसारखा पळतोय तो. जेमतेम सात मिलिमीटर. डोकं काळं, छाती नारिंगी, पोट नारिंगी, टोक पुन्हा काळं. मधली निळसर चमक म्हणजे पुढचे पंख, बंडीसारखे आखूड. उडायचे पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले. हा पेडेरस, रोव्ह भुंगेऱ्यांच्या कुळातला. शेतात तुडतुडे खातो, म्हणजे तसा आपलाच माणूस.

[दृश्य : जुन्या लेबलाचा फोटो, नखाएवढा कागद.]

आमच्या अभ्यासक मित्राला छळतोय तो हा कागद. जुन्या संग्रहातल्या अशाच एका पेडेरसला टाचलेला, तो कुठं सापडला हे सांगणारा. त्यावर एवढंच : 'बेळगाव'. एवढ्यावर कुणीतरी नकाशात बेळगाव शहराच्या मधोमध ठिपका ठेवून दिला.

पण कुठलं बेळगाव? १९५६ पर्यंत चंदगड तालुकाही याच जिल्ह्यात होता, मग तो कोल्हापुरात गेला. किडा तिकडचाही असेल. नुसतं 'खानापूर' लिहिलं असतं तरी पंचाईतच, कारण सांगली जिल्ह्यात विट्याकडेही एक खानापूर तालुका आहे. तिथं पाऊस बेताचा, इथं कणकुंबीला छत्री उडवणारा. आकड्यांनीही हमी मिळत नाही. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर बेळगावचा किडा नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात जातो. असे ठिपके नकाशांवर बिनधास्त बसलेले असतात आणि त्यांवरून पुढचे नकाशे निघतात. याचा आम्हाला राग आहे, लपवत नाही.

[दृश्य : टेबल, सूक्ष्मदर्शक, सुईची टोकं.]

पेडेरसच्या जातींची नावंही फसवी. फ्युसिपेस म्हणजे सावळ्या पायाचा, मेलॅम्पस म्हणजे काळ्या पायाचा. रात्रीच्या बल्बखाली सावळं कुठलं आणि काळं कुठलं, सांगा बघू! म्हणून नर शोधायचा. पोटाच्या शेवटच्या खालच्या पट्टीत खोल खाच दिसली की नर. कोमट पाण्यात मऊ करायचा, शेवटचे खंड अलगद सोडवायचे, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवायचे. मांस विरघळतं, कठीण भाग उरतो. मग ग्लिसरिनच्या थेंबात जननेंद्रियाचा आकार बघायचा. हात जरा हलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या किड्यावर.

चादरीवरच्या एका किड्याला खाच आहे. त्या जुन्या लेबलाच्या किड्याच्या फोटोत मात्र खाच नाही. ती मादी, म्हणजे तिची जात अशी ठरवता येत नाही.

अंगावर चिरडला तर पेडेरिन या विषानं दीड-दोन दिवसांत कातडी भाजल्यासारखी होते आणि लोक नागीण समजतात. चिरडू नका, फुंकून उडवा, लागलंच तर साबणानं धुवा.

[दृश्य : लॅपटॉपचा पडदा, नकाशा.]

जुना ठिपका पुसलेला नाही. त्याच्याभोवती मोठं वर्तुळ आलंय, 'यात कुठंही सापडला असेल' असं सांगणारं, चंदगडला पोटात घेणारं, आणि जातीपुढं प्रश्नचिन्ह. आज रात्रीच्या नराची नोंद वेगळी होईल. बाटलीत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी टाकलीय, कारण शाई अल्कोहोलमध्ये पसरते : जांबोटी, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव, भाताच्या शेताजवळ, दिव्यावर.

आजी (मूळ आवाज) : "झालं का? आता तरी घालव की."

[बल्ब विझतो.]