रेंज सांगणारं दुकान

[पहाट. मॅरिलबोन रोड. ओल्या डांबरावरून लाल बस सरकते.]

मध्य लंडनमधला हा मॅरिलबोन रोड. 1989 साली पंचविशीतल्या चार्ल्स डन्स्टननं साठवलेले सहा हजार पौंड लावून इथूनच धंदा सुरू केला. नाव ठेवलं कारफोन वेअरहाऊस. त्या काळी मोबाइल म्हणजे बहुतेक करून गाडीत बसवायचा फोन, म्हणून कारफोन. आणि वेअरहाऊस म्हणजे वखार. वखार म्हटली की माल भरपूर आणि भाव कमी, असं गिऱ्हाइकाला आपोआप वाटतं.

[प्लंबरची पांढरी व्हॅन. मागचं दार उघडं, आत पाइप आणि पाने.]

तेव्हा मोबाइल विकणाऱ्यांचं सगळं लक्ष मोठ्या कंपन्यांवर होतं. डन्स्टननं या माणसाकडे पाहिलं. प्लंबर, गवंडी, रंगारी. ज्याचं दुकान त्याच्या हत्यारांच्या पेटीत, आणि जो दिवसभर घराबाहेर. फोन वाजला आणि उचलला गेला नाही, तर त्याचं काम दुसऱ्याकडे जातं. अशा माणसाला फोनची गरज सगळ्यात जास्त, आणि त्याला नीट समजावून फोन विकणारं मात्र कुणी नव्हतं.

[ब्रिटनचा नकाशा. एक ठिपका, मग दहा, मग शेकडो.]

आता या नकाशाकडे बघा. पहिली काही वर्षं ठिपके एकेक करून वाढतात. 1999 साली मात्र नकाशा एकदम भरल्यासारखा दिसतो. टँडी नावाची इलेक्ट्रॉनिक सामानाची जुनी साखळी होती. वायर, सोल्डरिंगची कांडी, रेडिओचे सुटे भाग असं सगळं तिथे मिळायचं. कारफोननं ब्रिटनमधली ती अख्खी साखळीच विकत घेतली. दोनशेहून जास्त दुकानं, तीही गावोगावच्या मुख्य बाजाररस्त्यावर. त्याला तिकडे हाय स्ट्रीट म्हणतात. बँक, पोस्ट, औषधाचं दुकान, बेकरी, आणि आता त्याच रांगेत मोबाइलचं दुकान. पुढच्याच वर्षी, जुलै 2000 मध्ये, कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली.

पाटीपेक्षा आम्हाला हे टेबल महत्त्वाचं वाटतं.

[जवळून: काउंटर. दोन हात, मध्ये चार वेगवेगळ्या रंगांची सिम कार्डं.]

या काउंटरवर सगळ्या नेटवर्क कंपन्या एकत्र बसायच्या. व्होडाफोनच्या दुकानात व्होडाफोन मिळणार, ओटूच्या दुकानात ओटू. इथे मात्र विकणाऱ्याला विचारता यायचं, "माझं घर टेकडीच्या पलीकडे आहे, तिथे कुणाची रेंज येते?" आणि तो सांगू शकायचा, कारण तोही त्याच गावातला. कुठल्या वळणावर फोन कटतो, कुठल्या शाळेच्या मागे एकच दांडी येते, हे त्याला रोज परत येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून कळलेलं असायचं. कंपन्यांच्या नकाशावर तेव्हा सगळा देशच रंगवलेला असे.

[जुना कर्मचारी. चेहरा चौकटीबाहेर. तो खण उघडतो, आत जुने फोन.]

या गृहस्थांनी अशा काउंटरवर बरीच वर्षं काढली. नाव नको म्हणाले, पण फोन दाखवायला तयार झाले. हा घडीचा, हा सरकणारा, हा दाबायच्या बटणांचा. प्रत्येक फोन ते आधी हातात तोलून बघतात आणि मग टेबलावर ठेवतात. बघा.

[थांबा. इथे निवेदन नाही. फोन ठेवल्याचे आवाज.]

पुण्या-मुंबईहून शिकायला येणाऱ्या मुलांनाही हे काउंटर लवकरच भेटायचं. ब्रिटनमध्ये महिन्याच्या कराराचा फोन हवा तर उधारीचा पूर्वेतिहास तपासतात. आठ दिवसांपूर्वी विमानातून उतरलेल्या मुलाचा कसला आलाय पूर्वेतिहास! मग आधी पैसे भरून वापरायचं सिम घ्यायचं, भारतात फोन लावायला कुठलं स्वस्त ते विचारायचं, आणि रस्त्यावर येऊन आईला फोन करायचा.

[आलेख: एका फोनची किंमत 24 तुकड्यांत विभागली जाते.]

दुकानाला पैसे कसे मिळायचे, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. गिऱ्हाईक महागडा फोन हातात घेऊन बाहेर पडे आणि त्या वेळी त्याच्या खिशातून फार थोडं जाई. उरलेली किंमत त्याच्या मासिक बिलात मिसळलेली असे, 18 महिने, पुढे पुढे 24 महिने. गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल नेटवर्क कंपनी दुकानाला कमिशन देई, आणि पुढे येणाऱ्या बिलातलाही वाटा देई. म्हणजे आज विकलेल्या फोनचं उत्पन्न उद्या-परवा यायचं. करार संपला की गिऱ्हाईक नव्या फोनसाठी त्याच दारातून आत येणार, हा भरवसा सगळ्याच्या मुळाशी होता. दुकान कुठे काढायचं, भाडं किती परवडेल, माणसं किती ठेवायची, ही गणितं त्या 24 महिन्यांच्या फेरीवर बसवलेली होती.

[जुने फोटो: रात्रीची रांग, छत्र्या.]

9 नोव्हेंबर 2007. ब्रिटनमध्ये पहिला आयफोन विक्रीला आला, संध्याकाळी 6 वाजून 2 मिनिटांनी. अॅपल आणि ओटूच्या दुकानांबरोबर तो कारफोनमध्येही मिळत होता.

[वर्तमानपत्राचं कात्रण, जानेवारी 2007.]

त्याच वर्षाची सुरुवात आपल्याकडच्या प्रेक्षकांना वेगळ्या कारणानं आठवेल. 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टीला वर्णद्वेषी वागणूक मिळाली, भारतात आणि ब्रिटनमध्ये संताप उसळला. त्या कार्यक्रमाचं प्रायोजकत्व होतं कारफोन वेअरहाऊसकडे. त्यांनी ते थांबवलं. ज्या दुकानाच्या दारातून सगळ्या देशांतून आलेली माणसं आत येतात, त्यानं हेच करायला हवं होतं, आणि केलं. ही गोष्ट त्यांच्या नावावर मांडायलाच हवी.

[ड्रोन: गावाबाहेरचं विस्तीर्ण पार्किंग, पत्र्याची मोठी शेडवजा दुकानं.]

आता गावाबाहेर येऊ. याला रिटेल पार्क म्हणतात. गाडीनं यायचं, फ्रिज घ्यायचा, टीव्ही घ्यायचा, परत जायचं. 2014 च्या ऑगस्टमध्ये कारफोन आणि डिक्सन्स ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं चालवणारी कंपनी एक झाले. डिक्सन्सची करीज आणि पीसी वर्ल्डची मोठी दुकानं बहुतेक अशाच ठिकाणी होती. त्यांच्या आत कारफोनचे काउंटर बसू लागले. त्यामुळे कित्येक गावांत एकाच मालकाची दोन दुकानं झाली. एक बाजाररस्त्यावरचं, जिथे आजीबाई चालत जातात. दुसरं इथलं, जिथे गाडीशिवाय पोचणं कठीण. ताळेबंदात दोन्ही शेजारी शेजारी ठेवली की कुठलं जड वाटणार, ते या पार्किंगकडे बघून कळतं.

[बंद शटर. काचेवर चिकटवलेला कागद.]

सप्टेंबर 2014 मध्ये फोन्स फोर यू ही मोबाइल दुकानांची प्रतिस्पर्धी साखळी कोसळली. नेटवर्क कंपन्यांपैकी ओटू आधीच तिच्यातून बाहेर पडलं होतं, मग व्होडाफोन, शेवटी ईई. विकायला नेटवर्कच उरलं नाही. सोमवारी, 15 तारखेला, साडेपाचशेच्या घरातली दुकानं उघडलीच नाहीत. काही दुकानं व्होडाफोन आणि ईईनं घेतली, उरलेल्यांचं हे असं झालं. सगळ्या कंपन्या एका टेबलावर मांडणारं दुकान त्या कंपन्यांच्याच मर्जीवर उभं असतं, हे त्या सोमवारी सगळ्या देशानं पाहिलं.

[हातातला फोन, कोपऱ्यात तडा गेलेला. तरीही चालू.]

दुसरा घाव गिऱ्हाइकाच्या हातातून आला. फोन महागले आणि टिकूही लागले. लोक जुना फोन ठेवून नुसतं सिम घ्यायला लागले. 24 महिन्यांची फेरी सैल पडली. 2018 च्या मे महिन्यात 92 दुकानं बंद करण्याचं जाहीर झालं. तेव्हा देशभरात साडेसहाशेहून जास्त दुकानं होती.

2019 मध्ये वित्तीय नियामकानं कंपनीला 2 कोटी 91 लाख पौंडांचा दंड केला. फोनचा विमा गरज नसलेल्यांच्याही गळ्यात मारल्याबद्दल. काउंटरवरच्या माणसाला तसंच विकायला शिकवलं गेलं होतं. आमच्या मते दोष शिकवणाऱ्यांचा आहे.

[पुन्हा नकाशा. ठिपके विझू लागतात.]

17 मार्च 2020. ब्रिटनमधली कारफोनची स्वतंत्र दुकानं, एकूण 531, 3 एप्रिलला बंद होणार अशी घोषणा झाली. मोबाइलच्या धंद्यात त्या वर्षी 9 कोटी पौंडांचा तोटा होणार, असं कंपनीनं सांगितलं. या 531 दुकानांची जागा कंपनीच्या ब्रिटनमधल्या एकूण विक्रीच्या जागेपैकी फक्त 8 टक्के होती. हा आकडा चौरस फुटांचा आहे. कुठल्या गावात सगळ्या कंपन्यांचं सिम मिळणारं ते एकच दुकान होतं, हे चौरस फुटांवरून कळत नाही, आणि आमचं म्हणणं एवढंच आहे की ते मोजायला हवं होतं.

2,900 माणसांच्या नोकऱ्या गेल्या. आणखी 1,800 जणांना दुसरीकडे काम देऊ केलं गेलं.

23 मार्चच्या संध्याकाळी टाळेबंदी आली. 3 एप्रिलपर्यंतचे दिवस त्या काउंटरना मिळालेच नाहीत.

[जुना कर्मचारी फोन परत खणात ठेवतो. एक बाहेर राहतो.]

2021 मध्ये कंपनीनं सगळ्यासाठी करीज हे एकच नाव घेतलं आणि कारफोन हे नाव ब्रिटनच्या रस्त्यांवरून गेलं.

[दक्षिण लंडनमधला बाजाररस्ता. रिकामं दुकान. काढलेल्या पाटीच्या जागी भिंतीवर स्क्रूची भोकं, दोन टोकांना लोंबणाऱ्या वायरी.]

हे दुकान आम्ही दोनदा टिपलं. एकदा सकाळी, एकदा दिवे लागल्यावर. दोन्ही वेळा समोरच्या बस थांब्यावर एक मुलगी फोन उंच धरून रेंज शोधत होती.

[रस्त्याचा आवाज. बस येते, थांबते. पडदा काळा.]