कोच बदलला की क्लब बदलतो का? एसेंडनच्या चाहत्यांचा जुना वाद

[पडद्यावर सहा आकडे: 96, 62, 12, 65, 55, 49]

नमस्कार. हे सहा आकडे नीट बघून ठेवा.

2009, 2011, 2014, 2017, 2019 आणि 2021. या सहा वर्षी मेलबर्नचा एसेंडन क्लब एएफएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मोठ्या लीगच्या, फायनल्समध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांमध्ये पोचला, सहाही वेळा पहिलाच सामना हरला आणि हंगाम तिथेच संपला. पडद्यावर दिसतंय ते त्या पराभवांचं गुणांमधलं अंतर. त्याआधीचा फायनल्समधला त्यांचा शेवटचा विजय 2004 चा, मेलबर्न क्लबविरुद्ध, अवघ्या 5 गुणांनी. ज्या क्लबच्या नावावर 16 प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं आहेत, त्याची ही अवस्था.

आता या सहा पराभवांच्या वेळी कोच कोण होते ते बघा. मॅथ्यू नाइट्स, जेम्स हर्ड, मार्क थॉम्पसन, दोनदा जॉन वर्सफोल्ड, आणि शेवटी बेन रटन. माणसं पाच, निकाल एकच. तरीही संघ चार सामने ओळीनं हरला की चाहत्यांमध्ये पहिला विषय निघतो तो म्हणजे पुढचा कोच कोण. आज याच वादाबद्दल बोलायचंय. वाद फालतू मुळीच नाही, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी घातला जातो.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन. हा सॉकर नव्हे. लांबट चेंडू, दोन्हीकडे 18-18 खेळाडू, आणि मैदान क्रिकेटचं. बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एमसीजीवर हिवाळ्यात हीच फुटी चालते. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांमधून चेंडू लाथेनं गेला तर गोल, 6 गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, 1 गुण. आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो, 60 गुणांचा पराभव म्हणजे दहा गोलांनी हरणं.

तर ऑगस्ट 2022. एसेंडनच्या वादाचा सगळा इतिहास त्या एका आठवड्यात दिसतो.

सोमवारी 15 तारखेला क्लबचे अध्यक्ष पॉल ब्रॅशर गेले आणि डेव्हिड बारम आले. हंगामाचा एकच सामना उरला होता. रटन यांच्या करारात अजून एक वर्ष बाकी होतं, ते रोज सरावाला येत होते, आणि त्याच वेळी त्यांचा क्लब उघडउघड अ‍ॅलिस्टर क्लार्कसन यांच्या मागे लागला होता. क्लार्कसन म्हणजे हॉथॉर्नला 2008, 2013, 2014 आणि 2015 अशा चार प्रीमियरशिप जिंकून देणारा माणूस. शुक्रवारी क्लार्कसन यांनी नॉर्थ मेलबर्नला होकार दिला. शनिवारी एसेंडन रिचमंडकडून 66 गुणांनी हरला. रविवारी रटन यांना काढलं.

मला यातली सगळ्यात मोठी चूक वाटते ती ही. रटन यांना काढलं, हे समजू शकतो. 22 पैकी 7 विजय, पंधरावा क्रमांक, प्रश्न विचारले जाणारच. पण ज्या खेळाडूंनी वर्षभर एका माणसाचं ऐकलं, त्यांच्यासमोर त्या माणसाला आठवडाभर उघड्यावर सोडून दिलं. नवा कोच निवडताना क्लबकडे आकर्षण म्हणून काय असतं? पैसा सगळ्यांकडे जवळपास सारखा. वेगळा ठरतो तो शब्द, की आम्ही तुझ्या पाठीशी राहू. तो शब्द एसेंडननं त्या आठवड्यात स्वतःच स्वस्त केला. पुढचा प्रत्येक उमेदवार हे बघत होता.

मग नावांचा वाद पेटला. निवड समितीत रॉबर्ट वॉल्स आणि जॉर्डन लुईस यांच्यासारखी बाहेरची जाणती माणसं होती. पण चाहत्यांचे दोन तट पडले ते हर्ड आणि ब्रॅड स्कॉट या नावांवर.

हर्ड हे एसेंडनचं दैवत. 1996 चं ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मायकेल व्हॉस यांच्याबरोबर विभागून, 2000 च्या विजेत्या संघाचे कर्णधार, त्याच अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक. चार प्रीमियरशिप जिंकून देणारे केविन शीडी तेव्हा क्लबच्या संचालक मंडळावर होते. त्यांनी निवडीनंतर जाहीरपणे सांगितलं की त्यांची पसंती हर्ड होती. हा साधा माणूस नाही. 1981 ते 2007 असा 27 हंगामांचा कोच. चाहत्यांच्या भावनेला त्यांच्या शब्दाचं वजन मिळालं.

विरोधात मात्र 2012 होतं. हर्ड कोच असतानाच क्लबचा तो इंजेक्शनांचा पूरक-औषध कार्यक्रम चालला. 2013 मध्ये क्लबला 20 लाख डॉलर दंड झाला, फायनल्समधून बाहेर काढलं, हर्ड यांचं वर्षभरासाठी निलंबन झालं. जानेवारी 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं 34 आजी-माजी खेळाडूंवर डोपिंगसाठी बंदी घातली. हे घाव ज्या कुटुंबांवर आहेत, त्यांच्या दारात पुन्हा तेच नाव नेणं योग्य का, हा प्रश्न मी बाजूला ठेवू शकत नाही.

पण समजा भावना दोन्हीकडच्या बाजूला ठेवल्या. तरी एक तांत्रिक मुद्दा उरतो, आणि चाहत्यांच्या भांडणात तो जवळजवळ ऐकूच आला नाही. हर्ड सीनियर, म्हणजे मुख्य, कोच म्हणून शेवटचे उभे होते 2015 मध्ये. त्यानंतर खेळच बदलला.

[पडद्यावर मैदानाचा नकाशा]

2019 पासून 6-6-6 चा नियम आला. गोल झाल्यावर चेंडू मैदानाच्या मध्यावर परत येतो आणि पंच तो वर उडवतात. त्या क्षणी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू पुढच्या, गोलपासून 50 मीटरवर आखलेल्या कमानीत, सहा मध्ये, सहा मागच्या कमानीत असलेच पाहिजेत. मधल्या सहांपैकी चौघे चौकोनात, दोघे विंगवर. पूर्वी एखादा कोच घाबरला की सातवा माणूस मागे ठेवायचा. आता ते जमत नाही. मधला चेंडू हरलात की तीन-चार सेकंदांत तो तुमच्या सहा बचावपटूंच्या डोक्यावर पडतो, समोर त्यांचे सहा, आणि मदतीला कोणी नाही. म्हणून हल्ली गोल एकटादुकटा येत नाही, पाच मिनिटांत चार येतात.

2021 मध्ये 'स्टँड'चा नियम आला. समोरच्यानं मार्क घेतला, म्हणजे चेंडू झेलला, की त्याच्यासमोर खुणेवर उभ्या असलेल्या खेळाडूनं पंचांनी स्टँड म्हटल्यावर हलायचं नाही. हलला तर 50 मीटरचा दंड, म्हणजे समोरच्याला चेंडू तेवढा पुढे मिळतो. झेलणाऱ्याला तिरपा पास टाकायला जागा मोकळी मिळाली आणि बचावाची सगळी जाळी नव्यानं विणावी लागली. हे दोन्ही नियम सीनियर कोच म्हणून हाताळण्याची वेळ हर्ड यांच्यावर आली नव्हती. स्कॉट यांच्याकडे नॉर्थ मेलबर्नची 2010 ते 2019 अशी कारकीर्द होती, 2014 आणि 2015 मध्ये उपांत्य फेरीपर्यंतची मजल होती, आणि नंतर ते एएफएलच्या फुटबॉल विभागाचे प्रमुख होते. योगायोग बघा, 2014 मध्ये एसेंडनला 12 गुणांनी घरी पाठवणाऱ्या नॉर्थचे कोच स्कॉटच होते.

29 सप्टेंबर 2022 ला स्कॉट यांची निवड झाली. करार चार वर्षांचा. त्या दिवशीच्या माहितीवर ती निवड बरोबर होती, असं माझं मत आहे.

आणि तरीही? 2023 मध्ये 11 विजय, अकरावा क्रमांक. 2024 मध्ये 11 विजय, एक बरोबरी, पुन्हा अकरावा. 2025 मध्ये पहिल्या दहांत सहा सामने जिंकले, मग दुखापतींची रांग लागली, नवखी मुलं एकामागून एक पदार्पण करत राहिली, आणि शेवटचे 13 सामने ओळीनं गेले. नाव बरोबर असूनही गाडी तिथेच. आता अनुभवी कोचबद्दल बोलू.

चाहत्यांचा आवडता युक्तिवाद असतो, 'जिंकून दाखवलेला माणूस आणा.' मिक माल्टहाउस यांनी वेस्ट कोस्टला 1992 आणि 1994, कॉलिंगवूडला 2010 जिंकून दिलं. कार्लटननं त्यांना 2013 साठी आणलं आणि मे 2015 मध्ये काढलं. क्लार्कसन यांच्या पहिल्या दोन वर्षांत नॉर्थनं 2023 मध्ये तीन आणि 2024 मध्ये तीन सामने जिंकले. मध्ये काही महिने ते रजेवर होते आणि ब्रेट रॅटन यांनी संघ सांभाळला, हे खरं. पण तेव्हाची नॉर्थची यादी, म्हणजे खेळाडूंचा ताफा, इतकी कोवळी होती की चार प्रीमियरशिपही तिथे उपयोगी पडत नव्हत्या.

उलट क्रेग मॅक्रे. सीनियर कोच म्हणून पहिलीच नोकरी. कॉलिंगवूड 2021 मध्ये सतरावा होता, 2023 मध्ये विजेता झाला. बायोडाटा बघून यातलं काहीच सांगता आलं नसतं.

ब्रिस्बेनचं उदाहरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं, म्हणून जरा थांबतो. क्रिस फेगन 2017 मध्ये तिथे आले. वयाची पंचावन्नी उलटलेली, आणि एएफएलमध्ये स्वतः एकही सामना खेळलेले नाहीत. पहिल्या वर्षी पाच विजय, सगळ्यात तळाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाच, पंधरावा क्रमांक. दोन वर्षांत दहा विजय! पण गुणतक्ता हलत नव्हता तेव्हा आतली माणसं हलत होती. 2018 साठी हॉथॉर्नचा माजी कर्णधार ल्यूक हॉज आणला, कोवळ्या बचावफळीला मैदानावर उभं राहून शिकवायला. त्याच वर्षी अ‍ॅडलेडहून चार्ली कॅमेरॉन. 2019 साठी फ्रीमँटलहून लॅकी नील. त्या वर्षी ब्रिस्बेन थेट दुसऱ्या क्रमांकावर. आणि 2024, 2025 सलग दोन प्रीमियरशिप.

या बांधणीत फुटबॉल विभागाचे प्रमुख कोण होते? डेव्हिड नोबल. हेच नोबल पुढे नॉर्थ मेलबर्नचे सीनियर कोच झाले, आणि जुलै 2022 मध्ये त्यांना हंगामाच्या मध्येच जावं लागलं. क्लार्कसन आले ते त्यांच्याच जागी. एका जागी ज्याचं काम फळाला आलं, तोच माणूस दुसऱ्या खुर्चीत, दुसऱ्या ताफ्यासमोर निष्प्रभ ठरला.

पैशाचाही हिशेब आहे. फुटबॉल विभागाच्या खर्चाला एएफएलची सॉफ्ट कॅप असते. त्यात सीनियर कोच, साहाय्यक कोच, विश्लेषक, फिटनेसवाले सगळे येतात. कोविडनंतर 2021 साठी ही मर्यादा सुमारे 97 लाख डॉलरवरून 62 लाखांवर आणली. मर्यादा ओलांडली तर वर कर भरावा लागतो. म्हणजे मोठ्या नावाला मोठा पगार दिला की मिडफिल्डचा किंवा तरुणांना घडवणारा एखादा कोच कमी करावा लागतो. चाहते नाव मागतात तेव्हा हे कोणी सांगत नाही.

आता काहीजण म्हणतील, मग काढायचंच नाही का कोणाला? रिचमंडकडे बघा. 2016 मध्ये तेरावा क्रमांक, शेवटच्या सामन्यात सिडनीकडून 113 गुणांनी मार. डेमियन हार्डविक यांची सात वर्षं झाली होती. संचालक मंडळ उलथवण्याच्या हालचाली झाल्या. अध्यक्ष पेगी ओनील आणि मुख्याधिकारी ब्रेंडन गेल जागचे हलले नाहीत. हार्डविक राहिले, पण त्यांच्या भोवतालचं बदललं. फुटबॉल विभागावर नील बाम आले, साहाय्यकांत ब्लेक कॅराचेला आले, खेळाडूंत डियॉन प्रेस्टिया, टोबी नॅनकर्व्हिस, जॉश कॅडी. पुढच्याच वर्षी, 37 वर्षांनी, रिचमंडनं प्रीमियरशिप जिंकली.

म्हणून उद्या एखादं नाव कानावर आलं की आधी विचारा, साहाय्यक कोण येणार? खेळाडू निवडणारा लिस्ट मॅनेजर तोच राहणार का, आणि दोघांचं पटतं का? 22 ते 26 वयातले, किमान 50 सामने खेळलेले किती जण ताफ्यात आहेत? हा शेवटचा आकडा क्लबच्या संकेतस्थळावर दहा मिनिटांत मोजता येतो. तो सात-आठ असेल तर कोणीही कोच आला तरी पहिल्या वर्षी आठ विजयांच्या वर फार अपेक्षा ठेवू नका.

नवा कोच आला की पहिले आठ सामने विजय मोजू नका, पर्सेंटेज बघा. केलेले गुण भागिले दिलेले गुण, गुणिले 100. 1800 केले, 2000 दिले, तर 90. आदल्या वर्षी 75 असलेला संघ 88 वर आला आणि विजय तेवढेच असले, तरी पराभव आखडले आहेत, बचाव बसायला लागला आहे. उलट चार विजय आणि पर्सेंटेज 72, तर जिंकलात ते थोडक्यात आणि हरलात ते दणकून. अशा वेळी मला काळजी वाटते.

आणि मैदानावर जाणार असाल तर एक दिवस बाजूची जागा सोडून गोलच्या खांबांमागे, वरच्या मजल्यावर बसा. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे कोचचं काम दिसतच नाही. आपल्या संघाच्या हातून चेंडू सुटला, त्या क्षणी चेंडूकडे बघू नका. बचावपटूंकडे बघा आणि मनात मोजा. एक, दोन, तीन. तीनपर्यंत सगळे वळून आपापल्या जागी पळायला लागले तर रचना शिकवलेली आहे आणि मुलांना ती पटलेली आहे. पाचपर्यंत दोघे हात वर करून एकमेकांना काहीतरी सांगत असतील, तर समोरच्याचा गोल सहाव्या आकड्याला येतो. चार क्वार्टरमध्ये हे वीसेक वेळा घडेल. मोजा, कागदावर लिहा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच जागी बसा.