परतीचं भाडं

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं सावरून)

अध्यक्षमहाराज, वाचनालयाची कार्यकारिणी आणि एवढ्या उकाड्यात आलेले तुम्ही सगळे. पत्रिकेवर विषय छापलाय 'एकोणिसाव्या शतकातली शिडाची जहाजं आणि मुंबई बंदर'. त्यावर मी बोलणारच आहे. पण मी अलिबागला आलो कसा, ते आधी सांगतो, कारण त्याचा विषयाशी संबंध आहे. पुतण्याच्या पिकअपमधून आलो. त्याला दादरहून पोयनाडला माल टाकायचा होता, मी मालाबरोबर आलो. बिल्टीत, म्हणजे मालाच्या पावतीत, माझं नाव नव्हतं, एवढाच फरक.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बत्तीस वर्षं वाशीला एका ट्रान्सपोर्टच्या हपिसात हिशेब लिहिले. आमचे मालक, नाव सांगत नाही, देवमाणूस होते. पण गाडी 'खाली', म्हणजे रिकामी, आली की त्यांच्यातला देव निघून जायचा. एकदा लासलगावहून कांदा घेऊन एक गाडी कलकत्त्याला गेली. ड्रायव्हर सहा दिवस थांबला, परतीचं भाडं लागेना, म्हणजे येताना भरायला माल मिळेना, वैतागून रिकामी गाडी घेऊन आला. मालकांनी त्याला काही म्हटलं नाही. मला बोलावलं. म्हणाले, "तिथल्या दलालाला फोन कोणी करायचा होता? पन्नास टक्के भाड्यात बारदान का नाही भरलं?" मी म्हटलं, पन्नास टक्क्यांत तोटा आहे. ते म्हणाले, "रिकाम्या गाडीत शंभर टक्के तोटा आहे. तू हिशेबनीस आहेस ना?" आणि त्या महिन्याच्या माझ्या पगारातून... जाऊ दे. वीस वर्षं झाली, अजून झोंबतं.

पण निवृत्तीनंतर जुन्या बंदरांविषयी वाचायला लागलो, तेव्हा कळलं की मालक बरोबर होते. बंदराचा इतिहास लिहिणारे विचारतात, जहाजातून काय आलं? मी विचारतो, जाताना काय गेलं, आणि एका बाजूला भरायला माल नसेल तर काय भरलं?

ट्रक निदान रिकामा धावतो. शिडाचं जहाज रिकामं धावतच नाही. दीडशे फूट उंचीच्या डोलकाठ्या, त्यावर शिडं, त्यात वारा. तळाशी वजन नसेल तर जहाज आडवं होणार. म्हणून दगड, वाळू, काहीतरी भरावंच लागतं. इंग्रज त्याला बॅलास्ट म्हणतात, आपल्याकडचे तांडेल नीरम म्हणत. इथं मागच्या रांगेत कोळीवाड्यातली मंडळी बसलीत, ती मान हलवतायत, म्हणजे मी बरोबर बोलतोय. आता विचार करा. दगड भरायला मजुरी, दगड उतरवायला मजुरी, आणि विकायला गेलात तर दगडच. त्यापेक्षा चार पैसे देणारं काहीही चालेल. तुमचा माल कितीही भिकार असो, दगडापेक्षा बरा असला की जहाजवाला तो जवळजवळ फुकट नेतो.

आता बर्फाची गोष्ट. घड्याळाकडे बघू नका, ही सांगितल्याशिवाय मी उतरणार नाही.

अमेरिकेत बोस्टनला फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक व्यापारी होता. 1806 पासून तो तळ्यातला बर्फ जहाजात घालून वेस्ट इंडीजला विकत होता. लोक हसत होते. मध्ये कर्जही झालं, पुढे कॉफीच्या सट्ट्यात तर पार बुडाला. तर या माणसानं 1833 च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाच्या जहाजात 180 टन बर्फ भरला आणि कलकत्त्याला पाठवला. बोस्टन ते कलकत्ता! सुएझचा कालवा नाही, आगबोट नाही. अटलांटिकमधून खाली, आफ्रिकेला वळसा, पुन्हा वर. विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. चार महिने. आमच्या घरी फ्रीजचा दरवाजा दोन मिनिटं उघडा राहिला तर बायको बोलते.

सप्टेंबरात जहाज कलकत्त्याला लागलं तेव्हा जवळपास शंभर टन बर्फ शिल्लक होता. गोऱ्या साहेबांना वेड लागायचं बाकी राहिलं. सरकारनं जकात माफ केली. गव्हर्नर जनरल बेंटिंकनं बर्फ आणणाऱ्या माणसाला पेला भेट दिला. पाण्याला पेला देणारं सरकार मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आता यातला हिशेब बघा, माझ्या मालकांना आवडला असता. बर्फ कुठला? तळ्यातला, म्हणजे फुकट. वायथ नावाच्या ट्यूडरच्या सहकाऱ्यानं घोड्यानं ओढायचा नांगरासारखा कापा काढला होता. गोठलेल्या तळ्यावर उभ्या-आडव्या चरी पाडायच्या आणि चौकोनी लाद्या उचलायच्या. लाद्या एकसारख्या, म्हणून रचताना फट राहत नाही, म्हणून वितळतात कमी. भोवती भुसा. तो मेन प्रांतातल्या लाकडाच्या गिरण्यांचा, जो त्या गिरण्यांना नकोसा झालेला. आणि जहाज? बोस्टनच्या जहाजांना हिंदुस्थानात विकायला फारसं काही नव्हतंच. पूर्वी ती चांदीचे डॉलर घेऊन येत आणि परतताना नीळ, सोरा, कातडी, तागाचं बारदान भरून नेत. येताना तळ मोकळा, दगड भरावा लागणार. म्हणजे फुकटचा बर्फ, फुकटचा भुसा आणि रिकामा तळ. तीन टाकाऊ गोष्टी एकत्र आल्या आणि त्यातून बुडालेला माणूस वर आला. कलकत्त्याच्या बर्फानंच ट्यूडरची देणी फिटली.

आणि कलकत्त्याहून परत जाताना बारदान! माझा ड्रायव्हर तेच आणू शकला असता. असो.

1834 मध्ये बर्फ मुंबईला आला. सर जमशेटजी जीजीभाईंनी (तेव्हा ते 'सर' झाले नव्हते, 1842 ला झाले) घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. आणि गोष्ट अशी सांगतात की 'मुंबई समाचार'नं थोड्याच दिवसांत बातमी दिली, यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली! म्हणजे आपल्याकडच्या आया आजही जे सांगतात ते तेव्हापासून छापून आलेलं आहे. पुढे गोदीच्या दरवाजासमोर बर्फघर बांधलं. आज तिथं के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी आहे. चेन्नईचं बर्फघर मात्र अजून जागेवर आहे, पुढे त्यात विवेकानंद राहून गेले. मुंबईकरांनी आपलं पाडलं, यात नवल ते काय.

बर्फ ही मजेची गोष्ट झाली. पण हाच हिशेब माणसांच्या ताटापर्यंत गेला. कलकत्त्याहून इंग्लंडला जाणारा माल आकारानं मोठा: ताग, जवस, तांदूळ. तिकडून येणारं कापड त्या मानानं कमी जागेत मावणारं. मग लिव्हरपूलच्या जहाजवाल्यांनी तळाशी काय भरलं? मीठ. लिव्हरपूलच्या पाठीमागेच चेशायर, तिथं मिठाच्या खाणी. वाहतूक जवळजवळ दगडाच्या भावात. बंगालच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यापासून मीठ शिजवणारे हजारो मलंगी होते. त्यांचा धंदा बसला. त्यात सरकारची मिठावरची मक्तेदारी होती, कर होता, सगळं होतं. पण हजारो मैलांवरचं मीठ दारात स्वस्त कसं पडतं, याचं उत्तर जहाजाच्या तळात आहे. वर्षानुवर्षं आपण मिठाच्या कायद्याबद्दल बोलतोय, नीरमाबद्दल कोणी बोलत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे, ती मी प्रत्येक व्याख्यानात करतो.

(इथे कार्यवाहांनी वक्त्यांना चिठ्ठी दिली.)

'दहा मिनिटं.' पत्रिकेवरचा विषय अजून सुरू व्हायचाय. बरं.

तर मुंबई. चीनचा व्यापार. इंग्रजांना चीनचा चहा हवा, चिन्यांना इंग्रजांचं फारसं काही नको. जाताना काय भरायचं? आधी चांदी, मग आपल्याकडचा कापूस, आणि मग माळव्याची अफू. हे परतीच्या भाड्याचं सगळ्यात काळं पान. जीजीभाई 1805 मध्ये 'ब्रन्सविक' जहाजातून चीनकडे निघाले होते, फ्रेंचांनी ते पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. दोघांची ओळख तिथली. पुढे दोघं अफूच्या व्यापारात गडगंज झाले. आणि 1842 मध्ये पहिलं अफूचं युद्ध संपवणारा नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर झाला, ते मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, मलबारच्या सागाचं. याच गोदीतलं 1817 चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. दोनशे वर्षांचा साग. आमच्या सोसायटीचा दरवाजा चार पावसाळ्यांत गेला.

बंदर म्हटलं की लोकांना धक्क्याला लागलेलं जहाज दिसतं. गेल्या महिन्यात मांडव्याच्या लाँचवर एक गृहस्थ मुलांना सांगत होते, "हे गेटवे, इथंच पूर्वी शिडाची जहाजं लागायची." गेटवे पुरं झालं 1924 ला! आणि जहाजं काठाला लागतच नसत. सासून डॉक 1875 चं, प्रिन्सेस डॉक 1880 चं, व्हिक्टोरिया 1888 चं. त्याआधी मोठी जहाजं मधल्या पाण्यात नांगर टाकून उभी, आणि कुलाबा ते माझगाव मचवे, पडाव अशा लहान होड्यांची ये-जा. भरूच-भावनगरचा कापूस गलबतांनी यायचा, तोही नारळी पौर्णिमेनंतर. जूनमध्ये गलबतं वर ओढून झावळ्यांनी शाकारायची. मांडव्याची लाँच पावसाळ्यात बंद होते, तसंच. खांदेरी बेटावरचा दीपस्तंभ 1867 चा, तो या गर्दीसाठी.

अमेरिकेत 1861 ला युद्ध लागलं, तिथला कापूस बंद, मुंबईचा चालू. कापसाचे गठ्ठे दाबूनही जागा खाणारे. मँचेस्टरहून त्याचंच कापड होऊन येताना जागा थोडी लागते. उरलेल्या जागेत काय? वेल्सचा कोळसा. आणि इथं माझा मुख्य मुद्दा आहे, जो मी पाऊण तास सांगणार होतो.

आगबोटीनं शिडाला मारलं म्हणतात. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 1830 मध्ये सुएझला निघाली. तिच्यात कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा, एडनचा पल्ला अकरा दिवसांचा. डेकवर, केबिनमध्ये, जिथं जागा मिळेल तिथं कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा काही तासांपुरता उरला होता. आणि पुढच्या बंदरातला कोळसा तिथं कोणी नेऊन ठेवला होता? शिडाच्या जहाजांनी! 1839 ला इंग्रजांनी एडन घेतलं ते या कोळशाच्या साठ्यासाठीही. पुढची तीस वर्षं आगबोटी धावल्या, त्यांच्या पोटातला कोळसा शिडानं आलेला. परतीच्या भाड्यात. 1869 ला सुएझ उघडला, तांबड्या समुद्रातला वारा शिडाला सोयीचा नाही, कालव्यात ओढून न्यावं लागतं, तेव्हा कुठे पूर्वेचा व्यापार आगबोटीकडे गेला.

आणि कोकणची गलबतं? ती राहिली. मुंबईला लाकूड, नारळ, कौलं घेऊन जायची. परत काय आणायची? किराणा, आणि शिमग्याला चाकरमानी. चाकरमानी हे उत्तम नीरम आहे, स्वतः चढतो, स्वतः उतरतो.

दुसरी चिठ्ठी आली. कारखान्यातला बर्फ निघाल्यावर ट्यूडरच्या धंद्याचं काय झालं, ते चहाच्या वेळी सांगेन.

एक सूचना तेवढी. पुतण्याचा पिकअप बाहेर उभा आहे, साडेआठला दादरला निघतोय, रिकामा. पांढऱ्या कांद्याच्या माळा, वाल, आंब्याची पेटी, मुंबईच्या लेकीकडे काही पोचवायचं असेल तर आणून ठेवा. भाडं निम्मं घेईन.