फुली म्हणजे शेंग, खालचा आकडा म्हणजे आतले दाणे

(सांगलीत प्राथमिक शिक्षकांसमोर केलेलं बोलणं, थोडंफार नीट करून)

नमस्कार मंडळी. शनिवारची सकाळची शाळा उरकून तुम्ही आलाय, त्यामुळं प्रास्ताविक वगैरे नको, डायरेक्ट विषयावर येऊ. लाइन प्लॉट. एक आडवी संख्यारेषा काढायची, खाली आकडे लिहायचे आणि मोजलेल्या प्रत्येक वस्तूसाठी त्या त्या आकड्यावर एक फुली मारायची, फुलीवर फुली. झालं. काढायला दोन मिनिटं लागतात आणि म्हणूनच आपण ते दोन मिनिटांत उरकतो, आणि मग पोरांना विचारलं की बाबांनो यातून कळलं काय, तर सगळा वर्ग फळ्याकडं बघत गप्प.

आपल्याकडं चित्रालेख असतो, ताळ्याच्या खुणा असतात, पुढं स्तंभालेख येतो. अमेरिकेत २०१० ला कॉमन कोअर म्हणून शाळेत काय शिकवायचं याचा जो आराखडा आला त्यात मात्र लाइन प्लॉट दुसरीपासून आहे. दुसरीत पूर्ण एककात लांबी मोजून, तिसरीत अर्धा इंच पाव इंच, चौथीत इंचाचा आठवा भाग, आणि पाचवीत वेगवेगळ्या भांड्यांतलं पाणी सगळ्यांत सारखं वाटलं तर प्रत्येकात किती येईल इथपर्यंत. चढण चांगली आहे. तसंच्या तसं उचला असं मी म्हणत नाही, आपल्याला इंच कशाला पाहिजेत, सेंटिमीटरची पट्टी प्रत्येक कंपासमध्ये आहे.

माझं म्हणणं एकच आहे. या चित्रात आकडे दोन प्रकारचे आहेत, एक रेषेखाली लिहिलेला आणि एक न लिहिलेला, म्हणजे फुल्या मोजून येणारा. पोरांचा सगळा घोळ या दोघांत होतो. बाकी सगळं शिकवलं आणि हे राहिलं तर काहीच शिकवलं नाही समजा.

आता हे वर्गात कसं करायचं ते बघा. भुईमूग काढणीच्या दिवसांत आपल्या सांगली-साताऱ्याकडं शेंगा काय विकत आणाव्या लागत नाहीत, पोरंच दप्तरातनं आणतात. वीस शेंगा घ्या. फरशीवर खडूनं रेघ ओढा, ० ते ५ आकडे टाका, प्रत्येक पोरानं शेंग फोडायची, दाणे मोजायचे, आणि रिकामं टरफल त्या आकड्यावर नेऊन ठेवायचं. दाणे कुठं जातात ते मी सांगायला नको! एका वर्गात मांडणी अशी आली: एक दाण्याच्या ४ शेंगा, दोन दाण्यांच्या ११, तीन दाण्यांच्या ४. एक शेंग राहिली होती, ती ज्याच्या वाट्याला आली तो म्हणाला, "सर, ह्यात कायच न्हाई, पोचट हाय. टाकून देऊ?" इथं थांबायचं. घाई करायची नाही. टाकून द्यायची का? शेंग तर आहे की, मोजलीय की, मग तिला जागा कुठली? वर्गातनंच उत्तर येतं, शून्यावर. शून्य हे रेषेवरचं एक ठिकाण आहे आणि तिथं एक शेंग बसलीय, हे पुस्तकातनं सांगून कळायला फार वेळ लागतो बघा.

आणि ४ वर, ५ वर काहीच नाही, ती जागा मोकळी. मोकळी म्हणजे पुसायची नाही. तशी एकही शेंग सापडली नाही, ही पण माहितीच आहे. हेच पोचट शेंगेचं आणि मोकळ्या जागेचं पोरं एकच समजतात, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी दाखवून विचारायचं, शून्यावर एक टरफल आहे आणि चारवर शून्य टरफलं आहेत, फरक काय? एका खाजगी वर्कबुकात मी असा प्लॉट बघितलाय की ज्यावर फुली नाही तो आकडाच गाळलेला, २, ३, ५ असे ओळीनं सारख्या अंतरावर! छापणाऱ्याला वाटलं असेल जागा वाचली.

अजून एक गंमत टरफलांतच आहे. तीन दाण्याची शेंग लांब, एक दाण्याची बुटकी. उभी उभी लावत गेलं की ३ वरच्या चार टरफलांची रांग १ वरच्या चारांपेक्षा बरीच उंच दिसते. मग पोरं म्हणणारच, तीनवाल्या जास्त. म्हणू द्या. मोजायला लावा, दोन्हीकडं चार-चारच. आता भांडण लागेल, आणि त्या भांडणातनं कुणीतरी म्हणतं की प्रत्येक टरफल एकेका चौकटीत ठेवू, नाहीतर टरफलाऐवजी सारखी फुली मारू. इथं फुली जन्माला येते. आपण आधीच फळ्यावर फुल्या मारून दाखवतो, त्यामुळं ती सारख्या मापाची का असावी हा प्रश्नच कुणाला पडत नाही.

मग प्रश्न विचारा. फ्रान्सिस कर्सिओ नावाच्या अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये आलेख वाचायच्या तीन पायऱ्या मांडल्या, जे दिसतंय ते वाचणं, दिसतंय त्याच्या मधलं वाचणं, आणि त्याच्या पुढचं वाचणं. आपण बहुतेक पहिल्याच पायरीवर बसून असतो. दोन दाण्यांच्या शेंगा किती? अकरा. शाब्बास, पुढचं उदाहरण. आता याच चित्रावर दुसऱ्या पायरीचं विचारा, सगळे मिळून दाणे किती? कुणी २० म्हणेल, त्यानं फुल्या मोजल्या. कुणी ६ म्हणेल, त्यानं ० १ २ ३ ची बेरीज केली. दोघांना चूक म्हणून गप्प करू नका, तू काय मोजलंस एवढंच विचारा. एका फुलीवर बोट ठेवायला सांगा आणि विचारा ही एक फुली म्हणजे काय? एक शेंग. तिच्यात दाणे किती? खालचा आकडा बघ. मग अकरा वेळा दोन म्हणजे २२, चार वेळा तीन १२, चार वेळा एक ४, पोचटीचं शून्य, झाले ३८. पाढे इथं कामाला येतात. चौथी-पाचवीवाल्यांना पुढं ढकला, हे ३८ दाणे वीस शेंगांत सारखे भरले असते तर? दोन-दोनला दोन दाणे कमी पडतात. सरासरी हा शब्द न काढता सरासरीच्या दारात नेऊन सोडलं की नाही.

आणि तिसऱ्या पायरीचा प्रश्न, पिशवीत हात घालून न बघता अजून एक शेंग काढली तर तिच्यात किती दाणे असतील? पोरं ओरडतात दोन. नक्की? नक्की नाही, पण बहुतेक. हे 'बहुतेक' तोंडातनं यायला पाहिजे.

एक आपली पण चूक असते हां. आपण विचारतो "सगळ्यात जास्त कोण?" अहो जास्त कशात? उंच रांग २ वर आहे, मोठा आकडा ज्यावर फुली आहे तो ३ आहे. पोरगं दोन म्हणालं काय, तीन म्हणालं काय आणि अकरा म्हणालं काय, तुमच्या प्रश्नाला तिन्ही बरोबर. प्रश्न नीट विचारा, कुठली शेंग सगळ्यात जास्त वेळा आली, एका शेंगेत जास्तीत जास्त दाणे किती.

लांबीसाठी पेन्सिली बेस्ट. जूनला शाळा सुरू झाल्यावर वर्गातल्या पेन्सिली मोजा, नव्या साधारण १७-१८ सेंटिमीटरच्या, सगळ्या फुल्या उजवीकडं गर्दी करतात, जुन्या वापरणाऱ्यांच्या दोन-तीन फुल्या पार डावीकडं एकट्या. तोच कागद जपून ठेवा आणि जानेवारीत त्याच्याच खाली तीच रेषा काढून परत मोजा, गर्दी डावीकडं सरकलेली आणि पसरलेली दिसेल. एकच शिक्षक सगळे वर्ग घेतो त्या शाळेत पण हे जमतं, पहिली-दुसरीनं पूर्ण सेंटिमीटरला मोजायचं, तिसरी-चौथीनं अर्ध्याला.

हे सगळीकडं चालतं असं मात्र नाही. आपल्या पोरांना सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी तोंडपाठ असते, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं. तर एका वर्गात पावसाळ्यातली रोजची पातळी लाइन प्लॉटवर मांडायची आयडिया निघाली. मांडली. ३८ फुटावर किती दिवस, ३९ वर किती दिवस, सगळं दिसलं, फक्त पाणी चढत होतं का उतरत होतं तेवढं दिसेना! फुल्यांना तारीख नसते ना. कुठली फुली सोमवारची आणि कुठली गुरुवारची, कळायला मार्ग नाही. मग पोरांनीच खाली आकड्यांच्या ऐवजी तारखा घातल्या आणि फूट उभ्या रेषेवर घेतले, म्हणजे वेगळाच आलेख झाला तो, आणि तो का लागला हे त्यांना माहीत होतं.