शिकाऱ्याचा जबाब

(दृश्य : तोरणमाळचा पायथा, सकाळ. पानगळ झालेला साग. पायवाटेवर पुढे चाललेले बाबा, खांद्याला तीरकामठा.)

नंदुरबार जिल्ह्यातलं शहादा सोडलं की केळी, पपई, ऊस मागे पडतात आणि सातपुडा सुरू होतो. सागानं पानं टाकलीत. पळस फुललाय. महूची फुलं पडायला अजून अवकाश आहे.

पुढे चाललेत ते बाबा पावरा समाजाचे. वयाचा आकडा ते सांगत नाहीत. मोठा दुष्काळ पडला तेव्हा लग्न होऊन एक पावसाळा झाला होता, एवढं सांगतात. म्हणजे १९७२. त्याच वर्षी सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याआधी बाबा शिकारी होते, त्यांचे वडील शिकारी होते, आणि पाड्यात कुडाला कामठा टांगलेला नाही असं घर नव्हतं.

(दृश्य : कोरडा नाला. बाबा उकिडवे बसतात, काडीनं जमीन दाखवतात. जवळून.)

ही अस्वलाची विष्ठा. बाबा काडीनं ती उकलतात. बोराच्या बिया, वाळवीचे तुकडे, माती. मग मान वळवून उजवीकडचा उतार दाखवतात : तिकडे वारूळ उकरलेलं असणार. आम्ही चढून गेलो. उकरलेलं होतं, आतली माती अजून ओलसर होती, आणि कडेला नखांचे लांब ओरखडे.

ही नजर शिकारीनं घडवली. ज्यांना सातपुड्याचं जंगल राखायचं आहे, त्यांनी आधी ही नजर सोबत घ्यायला हवी. आमचं म्हणणं एवढंच आहे.

(दृश्य : बांबूचं बेट. कोयत्याचे घाव. पाड्यातलं अंगण, शेकोटी.)

कामठ्याला बांबू लागतो तो मानवेल. डोंगरउतारावर वाढलेला, बुडाशी जवळजवळ भरीव. ओढ्याकाठचा बांबू सरळ आणि देखणा दिसतो, पण बाबा त्याला हातही लावत नाहीत. तो पाणी पिऊन वाढलेला, लवकर दम सोडतो. तोड करायची ती हिवाळ्यात, अंधाऱ्या पंधरवड्यात. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते आणि वर्षाच्या आत त्याचं पीठ होतं.

बांबू उभा चिरतात. चिरफळीची पाठ, म्हणजे बाहेरची हिरवी साल, तशीच ठेवतात आणि पोटाच्या बाजूनं तासत जातात. मधे जाड, टोकांकडे निमुळतं. चार-सहा वेळा तासलं की बाबा फळी डोळ्यासमोर धरतात, गुडघ्यावर थोडी वाकवून बघतात, पुन्हा तासतात. मोजमाप कसलंच नाही. दोन्ही अंगं सारखी वाकली पाहिजेत. एक अंग आळशी राहिलं तर बाण वाकडा जातो, म्हणून इथे घाई चालत नाही. मग विस्तवावर फिरवून शेक देतात, तेल चोळतात आणि चुलीच्या वर, धुरात, टांगून ठेवतात.

(दृश्य : बांबूच्या सालीची पट्टी, बोटांत. अगदी जवळून.)

आता ही पट्टी बघा. ही कामठ्याची दोरी आहे, आणि तीही बांबूचीच. सालीची एक अखंड पट्टी सोलून काढलेली, करंगळीपेक्षा अरुंद. सुरीची धार उलटी धरून तिची कड खरवडतात, कारण कडेला एक कुसळ राहिलं तरी ताण पडला की तिथून ती फाटते. दोन्ही टोकांना खाच पाडून सुताचे फास घट्ट आवळतात. तांत, म्हणजे आतड्याची दोरी, नाही; चामडं नाही. पावसात तांत सैल पडते. ही पट्टी पडत नाही. भिल्ल आणि पावऱ्यांचा कामठा इंग्रजांनी पाहिला तेव्हाही त्याची दोरी अशीच बांबूची होती.

बाण ओढताना बाबांचा हात बघा. पहिली दोन बोटं दोरीवर. अंगठा कुठेच नाही. का, असं विचारलं तर इथला लहान पोरगाही एकलव्याचं नाव घेतो.

बाणही दोन तऱ्हांचे. लोखंडी पात्याचा मोठ्या जनावरासाठी, पातं लोहाराकडून घडवून घेतलेलं. आणि पुढे लाकडी बोंड असलेला बोथट बाण पाखरांसाठी. त्यानं पाखरू पडतं, पण चिंधड्या होत नाहीत.

(दृश्य : पाड्यातली म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली. हातवारे.)

पारधीला गाव मिळून निघायचं. हाके घालणारे, म्हणजे ओरडून जनावर पुढे हाकणारे, वेगळे, नाक्यावर दबा धरणारे वेगळे. कोण कुठल्या खिंडीत बसणार हे आदल्या रात्री ठरायचं. वाटणीचे नियम पक्के : ज्याचा बाण पहिला लागला त्याचा मान मोठा, हाके घालणाऱ्या प्रत्येकाला वाटा, कुत्र्याच्या धन्याला कुत्र्याचा वाटा, आणि घरात कर्ता पुरुष नसलेल्या बाईच्या दारात न मागता वाटा. पोटुशी मादी सोडून द्यायची. पाण्यावर आलेल्या जनावरावर बाण टाकायचा नाही. हे नियम दरवेळी पाळले गेले का? म्हातारी माणसं हसली आणि म्हणाली, मोडणाऱ्याला दंड होता. दंड होता म्हणजे मोडणारेही होते. पण मोडणारा कोण, हे सगळ्या पाड्याला ठाऊक असायचं.

(दृश्य : जुनी चित्रं. औट्रम घाटाचा फलक, वळणं घेणारे ट्रक.)

मग शिकारी म्हणून नाव कुणाचं राहिलं? चाळीसगावाहून कन्नडकडे चढणारा हा घाट. लोक त्याला आजही औट्रम घाट म्हणतात. खालचं अभयारण्यही कागदोपत्री गौताळा औट्रमघाट. खानदेश १८१८ साली इंग्रजांकडे गेला, भिल्लांनी डोंगरातून लढा सुरू ठेवला, आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटनं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांचा विश्वास त्यानं मिळवला तो मुख्यतः त्यांच्याबरोबर शिकार करून. दहाएक वर्षांत त्यानं शंभराहून कितीतरी जास्त वाघ मारले. माग काढणारे, हाके घालणारे, वाघ कुठल्या जाळीत आहे हे सांगणारे भिल्ल होते. चरित्रात नाव औट्रमचं आलं.

सरकार तेव्हा वाघामागे बक्षीस देत होतं. वाघ म्हणजे शेती पसरायला अडथळा, असा तो हिशोब होता. १८७८ मध्ये वन कायदा आला आणि ह्याच डोंगराभोवती राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या. आधी ज्या माणसाच्या मदतीनं वाघ मारला, तोच आता जंगलात शिरला की गुन्हेगार ठरू लागला.

(दृश्य : सागाच्या निष्पर्ण फांदीवर रानपिंगळा, भर दिवसा. तो मान वळवतो, शेपटी झटकतो.)

हा रानपिंगळा. नीट बघून घ्या, कारण हा पक्षी एकशे तेरा वर्षं जगाच्या लेखी नव्हता.

साध्या पिंगळ्यापेक्षा डोकं मोठं, चोच जाड, कपाळावर ठिपके जवळजवळ नाहीत, आणि पाय पिसांनी भरलेले, अंगाच्या मानानं दांडगे. दिवसा उजेडी उघड्या फांदीवर बसतो, खाली सरडा किंवा उंदीर दिसला की झेप घेतो. पहिला नमुना १८७२ मध्ये मध्य भारतात ब्लेविट नावाच्या माणसानं मिळवला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ब्लेविटचं नाव पक्ष्याला दिलं. त्यानंतर ह्याच खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जेम्स डेव्हिडसन ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं बंदुकीनं आणखी काही टिपले. त्या काळी पक्षी अभ्यासायचा म्हणजे मारायचा, पेंढा भरायचा आणि लंडनला पाठवायचा. शेवटचा नमुना १८८४ सालचा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात.

ह्यात आणखी एक गुंता झाला. रिचर्ड माइनर्टझहागन ह्या नामांकित लष्करी पक्षीतज्ज्ञानं १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपल्याला हा पक्षी मिळाल्याची नोंद केली होती. लोक तिकडे शोधत राहिले. शेवटी अमेरिकेच्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्याच्या त्या पक्ष्याची पेंढा भरलेली कातडी तपासली. ती डेव्हिडसननं खानदेशात मिळवलेली, संग्रहालयातून चोरून, नव्यानं शिवून, खोटी चिठ्ठी लावलेली निघाली. मांडवी बाद झाली. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ही मंडळी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागानं निघाली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, ह्याच डोंगराच्या पायथ्याशी, रानपिंगळा त्यांच्यासमोर फांदीवर बसलेला होता.

(दृश्य : दोन पोरं झाडांमधून चालतात. एकाच्या खिशातून गलोल डोकावते. तो बोट दाखवतो. पुन्हा पिंगळा.)

आमच्या कॅमेऱ्याला हा पक्षी दाखवला तो पाड्यातल्या ह्या पोरांनी. आवाज ऐकला, थांबली, बोट केलं. आम्हाला बराच वेळ नुसत्या फांद्याच दिसत होत्या. ह्यांच्याकडे गलोल आहे आणि ह्या पिंगळ्याला गलोलीचा धोका आहे, हे दोन्ही खरं आहे. घुबडाभोवतीच्या अंधश्रद्धेतूनही तो मारला जातो. पण ढोली कुठल्या सागात आहे, जोडी कुठे बसते, हे ह्या दोघांना कुणी शिकवलेलं नाही. ह्यांना गुन्हेगार करायचं की राखणदार, हा प्रश्न वनखात्यापुढे आहे, तितकाच आपल्यापुढेही.

(दृश्य : भोंगऱ्या बाजार, धडगाव. ढोल. मग होळी, मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं.)

होळीच्या आधीच्या आठवड्यातला भोंगऱ्या बाजार. गर्दीत कामठे दिसतात, आता मिरवण्यासाठी. आणि होळीच्या रात्री बुध्या, म्हणजे होळीचे नाचणारे, निघतात : अंगावर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप. मोर मारायला बंदी आहे. आपोआप गळलेलं पीस वापरायला नाही. बाबांच्या घरचा टोप त्यांच्या आजोबांच्या वेळचा. होळी झाली की तो कापडात गुंडाळून छपराखाली जातो, आणि गळलेलं पीस वर्षभर गोळा करून त्यात भरतात.

(दृश्य : वाघदेवाचा खांब. कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. शेंदूर.)

हा वाघदेव. लाकडात कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र. गुरं रानात जातात ती ह्याच्या भरवशावर. वाघाची भीती होती म्हणून त्याला देव केलं, असं शहरातली माणसं सांगतात. खांबापुढे नारळ फोडणाऱ्या बाईनं आम्हाला वेगळं सांगितलं : रान त्याचं आहे, आपण विचारून जातो.

(दृश्य : सरदार सरोवराचं पाणी, बुडालेल्या झाडांचे शेंडे. तोडलेल्या सागाचे बुंधे. तारेचा फास.)

मग जनावरं गेली कुठे? सागाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, पडले, ट्रक भरभरून लाकूड गेलं. नर्मदेकाठची अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात गेली, त्यांच्यासोबत जंगल गेलं, आणि विस्थापितांसाठी तळोद्याकडचं जंगल मोकळं केलं गेलं. शेतासाठी अतिक्रमणंही झाली. आज रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबट्या सापडतो, उघड्या विजेच्या तारेनं जनावर मरतं आणि कधी माणूसही; बिबट्या-अस्वलाच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे.

(दृश्य : समाजमंदिर. जमिनीवर पसरलेला मोठा कागद, रंगीत खडू. भोवती माणसं, बायका. मधे बाबा.)

इथे पाड्याच्या जंगलाचा नकाशा काढला जातोय. हे काम महत्त्वाचं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला आपलं पारंपरिक जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क दिला. शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. पाड्याला ते मान्य आहे. त्यांना हवा आहे राखण्याचा हक्क. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं गावानं राखलेलं जंगल काय होऊ शकतं हे दाखवलं; त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण दावा करायचा तर पुरावा लागतो. कुठला नाला कुणाच्या हद्दीत, गावाचं जंगल कुठून कुठपर्यंत. सरकारी नकाशात ह्या टेकड्यांवर नुसते आकडे आहेत. बाबा खडू घेतात. ही अस्वलाची कपार. हे पाणी मे महिन्यातही आटत नाही. इथे हाके सुरू व्हायचे, ह्या खिंडीत वडील बसायचे. इथे भेकर उतरायचं. इथवर आपलं, पलीकडे शेजारच्या पाड्याचं. त्यांची पारध इथे थांबायची. एका बाईनं मधेच खडू हिसकला. चारोळीची झाडं बाबांनी चुकीच्या टेकडीवर काढली होती. ती तिनं पुसून नीट जागी काढली, आणि डिंकाचा धावडा, कंदांची जागा, जळणाची वाट तीही काढली.

(दृश्य : कागदावरच्या रेषा, जवळून. तरुण मुलगा वहीत लिहितो आहे.)

वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून धरला जातो. बाबा सांगतात, पाड्यातला शिकलेला मुलगा लिहून घेतो. पावरीत सांगितलेलं मराठीत उतरतं. पारधीची खिंड ही गावाची शीव ठरते.

ग्रामसभेनं त्याच बैठकीत ठराव केला. उन्हाळ्यात वणव्यावर पाळीनं राखण, रानात तारेचा फास दिसला की काढून ग्रामसभेत आणून टाकायचा, आणि पिंगळ्याची ढोली असलेल्या सागांना कुऱ्हाड लावायची नाही. तिसऱ्या कलमाला ती झाडं ओळखणारी माणसं हवीत म्हणून त्या दोन पोरांची नावं राखणीच्या यादीत घातली.

दावा उपविभागीय समितीकडे गेला आहे. जागेची पाहणी व्हायची आहे. त्या दिवशी अधिकाऱ्यांना हद्द दाखवायला बाबा पुढे चालतील, आणि चारोळीच्या टेकडीवर ती बाई.