दिवाळीत बुजवलेली फट होळीला का उघडते

मंडळी, आपल्याकडे घराला रंग लावायचा हंगाम ठरलेला असतो. पितृपक्ष सरला की पेंटरला फोन जातो आणि दिवाळीच्या आत काम आटोपायचं म्हणून सगळे हातघाईवर येतात. त्या धांदलीत दाराच्या चौकटीभोवतीची फट, पट्ट्यांचे सांधे, खिडकीच्या कोपऱ्यातली चीर असं सगळं लांबीने, म्हणजे खडू-तेलाच्या लगद्याने, भरलं जातं. पॉलिश पेपर मारायचा, ऑइल पेंटचे दोन हात द्यायचे, की पाहुणे यायच्या आत दार नवं. आणि होळीच्या सुमाराला तीच रेघ त्याच जागी पुन्हा हजर! मग आपण पेंटरच्या नावाने खडे फोडतो. पेंटरचा दोष कधी कधी असतोही, पण माझ्या मते निम्मा दोष त्या मुहूर्ताचा आहे.

लाकूड तोडून, कापून, रंगवून झालं तरी हवेतली ओल घेत-सोडत राहतं. हवेत 80 टक्के आर्द्रता असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 16 टक्के पाणी राहतं. आर्द्रता 40 टक्क्यांवर उतरली की ते साडेसात-आठ टक्क्यांवर येतं. पाणी घटलं की लाकूड आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. रुंदीत मात्र हलतं, आणि वार्षिक वलयांच्या कडेने ते जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मं वलयांना छेदून आकसतं. साग हे फार शहाणं लाकूड समजलं जातं, आणि आहेही. तरी ओलं साग पूर्ण वाळेपर्यंत एका दिशेने सुमारे 5.8 टक्के आणि दुसऱ्या दिशेने 2.5 टक्के आकसतं. आता आपल्या घरातला हिशोब करा. 100 मिलिमीटर रुंदीची सागाची चौकट, पावसाळा ते कोरडा ऋतू एवढा पूर्ण चढउतार झाला, तर जास्तीत जास्त दीड मिलिमीटर हलेल. रंगामुळे हा वेग मंदावतो, थांबत नाही. दीड मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण पांढऱ्या रंगावरची अर्ध्या मिलिमीटरची काळी रेघही समोरच्या सोफ्यावरून दिसते.

म्हणजे दसऱ्याच्या आसपास आपण फट भरतो तेव्हा लाकूड पावसाळाभर ओल पिऊन फुगलेलं असतं. फट वर्षातली सगळ्यात अरुंद. तिच्यात कडक माल भरला, पुढे लाकूड आकसलं, की तो माल एका कडेला चिकटून राहतो आणि दुसऱ्या कडेने सुटतो. बरं, भर उन्हाळ्यात फट सगळ्यात रुंद असताना ठासून भरली तर? मग जुलैत लाकडाला फुगायला जागा उरत नाही. माल उचलून बाहेर येतो, वरचा रंग फुगतो, कधी दार घासायला लागतं.

इथे गावागावाप्रमाणे फरक आहे, हे लक्षात ठेवा. विदर्भात लाकूड सगळ्यात कोरडं होतं ते एप्रिल-मेमध्ये. मुंबई-रत्नागिरीत मे महिना घामाचा, हवा दमट. तिथे कोरडेपणा येतो थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत. पुण्याला मार्च-एप्रिल. आणि ज्या खोलीत रात्रभर एसी चालतो तिचं हवामान वेगळंच, कारण एसी हवेतली ओल काढून घेतो. एकाच फ्लॅटमध्ये बेडरूमच्या चौकटीची फट उघडी आणि स्वयंपाकघराची बंद, असं होतं ते यामुळे. लवचीक माल भरायचा असेल तर फट मधल्या अवस्थेत असताना भरावी. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तो काळ दिवाळीनंतरचा महिना-दीड महिना. पण दिवाळी होऊन गेल्यावर घराला हात लावायला कोण तयार होतं!

आता मालाकडे येऊ. फटी दोन जातीच्या: हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या. खिळ्याचं भोक, जुन्या बिजागरीच्या स्क्रूची जागा, गाठ निघून पडलेला खड्डा या न हलणाऱ्या. तिथे लांबी उत्तम. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल, बस. पण कोऱ्या लाकडात लांबी भरू नका. लाकूड तेल शोषून घेतं आणि मागे नुसती पूड उरते. आधी प्रायमरचा हात, तो वाळल्यावर लांबी. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

सुतारांचा लाडका माल म्हणजे फेव्हिकॉलमध्ये कालवलेला भुसा. रंगाखाली तो चालतो, पण करवतीचा जाड भुसा नको, पॉलिश पेपरची बारीक पूड घ्या. त्यातलं पाणी उडालं की तो खाली बसतो, म्हणून दोन वेळा, किंचित वर ठेवून भरा. पॉलिश होणाऱ्या लाकडावर मात्र हा माल वापरू नये. वाळलेला गोंद पॉलिशचा रंग धरत नाही, आणि सांध्याभोवती पुसून राहिलेला पातळ थरसुद्धा फिकट डाग होऊन कायमचा दिसतो. तिथे त्याच लाकडाची पूड चपडी लाखेच्या दाट द्रावणात कालवून भरावी. फट लांब असेल तर त्याच लाकडाची पातळ चीप रंध्याने बेतून गोंदाने बसवावी, आणि तंतूंची दिशा जुळवावी. जुने सुतार हेच करायचे. याला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते, पण वर्षानुवर्षं तिकडे बघावं लागत नाही.

भिंतीची पुट्टी लाकडात भरणं हा आपल्याकडचा सगळ्यात सर्रास प्रकार. बादली उघडी असते, पत्रा हातात असतो, समोर फट दिसते. पेंटर ओढून मोकळा होतो. ती पुट्टी पांढऱ्या सिमेंटची. तिला वाकणं माहीत नाही आणि लाकडाला तिची पकड धरत नाही. काही महिन्यांत तिचा पापुद्रा सुटतो. चौकटीलगत पुट्टी दिसली तर काम तिथेच थांबवा, भिडस्तपणा नको.

हलणाऱ्या फटीला, म्हणजे चौकट आणि प्लास्टर यांच्यामधल्या फटीला, रंग धरणारा अॅक्रिलिक सीलंट हवा. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसतच नाही. फट 5-6 मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर आधी आत फोमची गोल दोरी दाबून बसवा. ही काटकसर नाही. सीलंट फक्त दोन बाजूंच्या कडांना चिकटायला हवा, तळाला नाही. तळालाही चिकटला तर त्याला ताणता येत नाही, आणि तो मधोमध फाटतो. रुंदीच्या साधारण निम्मी खोली पुरते. दोन्ही कडांना मास्किंग टेप, मध्ये सीलंट, ओल्या बोटाने एकाच दमात ओढायचं आणि ओलं असतानाच टेप काढायचा. वाळल्यावर टेप ओढलात तर कडेने सीलंट उचकटून येईल.

पण खरं सांगू? चौकट आणि भिंतीमधली फट भरायची नसते, झाकायची असते. लाकूड आणि प्लास्टर शेजारी शेजारी आले की सांधा दिसणारच. म्हणून तर चौकटीभोवती पट्टी असते. तिचे खिळे चौकटीत असावेत, भिंतीत नाही. मग चौकट हलली की पट्टी तिच्याबरोबर हलते आणि मागे काय चाललंय ते कोणाला दिसत नाही. हल्ली सपाट, स्वच्छ दिसावं म्हणून पट्टी काढून टाकतात आणि मग त्या रेघेशी वर्षभर भांडत बसतात.

पट्ट्यांचे 45 अंशात कापलेले कोपरे जरा जवळून बघा. फट आतल्या टोकाला उघडली असेल आणि बाहेरचं टोक जुळलेलं असेल, तर पट्टी बसवल्यानंतर लाकूड वाळून आकसलं. उलट बाहेरचं टोक उघडं असेल तर ते फुगलं. लाकूड रुंदीत कमी-जास्त होतं, लांबीत नाही, त्यामुळे कापलेला कोनच बदलतो. फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर हवामानाला बोल लावू नका. काप चुकलाय किंवा खिळा सैल झालाय. नुसत्या नजरेने एवढं कळतं. आतली फट दर वर्षी थोडी उघडत-मिटत असेल तर लवचीक माल, नाहीतर चीप.

पॅनेलच्या दाराचं तर अजिबात बुजवू नका. चौकटीच्या खाचेत पॅनेल मुद्दाम सैल ठेवलेलं असतं, त्याला गोंद लावत नाहीत, ते आत-बाहेर सरकावं म्हणूनच. त्याच्याभोवती लांबी ठासली की पॅनेल अडकतं आणि एक दिवस मधून तडकतं. कोरड्या दिवसांत कडेला कोऱ्या लाकडाची रेघ दिसते, ती पॅनेल सुटं असल्याची खूण. नवं दार करताना पॅनेल खाचेत बसवण्याआधीच त्याच्या कडांना पॉलिश करून घ्या, म्हणजे ती रेघ दिसणारही नाही.

लॅमिनेटच्या फरशीचंही तसंच. भिंतीलगत 8-10 मिलिमीटर मोकळं सोडलेलं असतं, वरून लाकडी स्कर्टिंग ते झाकतं. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फरशीला नाही. त्या फटीत कडक माल भरलात तर पावसाळ्यात फरशी मधोमध उचलेल. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाटीचं, स्कर्टिंग असेल तर ओल्या पोछ्याने खालची कड फुगते आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही. ती बदलावीच लागते. तुमची मुलं अमेरिकेत असतील तर त्यांच्याकडे कारण वेगळं: थंडीत हीटिंगने घर कोरडं पडतं, तेव्हा बेसबोर्डचे, म्हणजे तिकडच्या स्कर्टिंगचे, सांधे उघडतात. जानेवारीतली फट बघून घाबरू नका म्हणावं.

आणि बाथरूमच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग. तिथली फट ही फट नसतेच, ते कुजलेलं लाकूड असतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून बघा, सहज आत गेलं तर इपॉक्सीने भरून काही होणार नाही, कारण खालून पाणी येतच राहणार. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून नवा तुकडा सांधा, नाहीतर खाली ग्रॅनाइटची ठोकळी बसवून घ्या. कुठे मातीची बारीक नळी दिसली, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवी. भोकांखाली पिठासारखी पूड पडत असेल तर घुण, आणि ती बहुधा बाहेरच्या पांढऱ्या लाकडात. सागाचा गाभा सहसा वाचतो. दोन्ही ठिकाणी आधी औषध, मग भरणं. भोकं आधी बुजवलीत तर वर्षभराने किती पोखरलं गेलंय ते कळायचीही सोय राहत नाही.